सांबार – पाहा: कोथिंबीर

विमल,

तुझ्यावर लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य खोटं निघालं. ‘आमच्या शाळेच्या ग्रंथपाल, मितभाषी व मनमिळाऊ’ एवढं लिहून थांबले. मितभाषी आणि तू? तुझ्या वाचनालयातला गलका वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात ऐकू यायचा आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज तुझाच असायचा. ‘शांतता राखा’ची पाटी तू उलटी टांगली होतीस आणि तिच्या मागच्या बाजूला पोरींनी काढलेली चित्रं चिकटवली होतीस. मनमिळाऊही तू नव्हतीस. रुसलीस की आठ-आठ दिवस माझ्याकडे पाठ करून डबा खायचीस.

शाळेच्या वार्षिकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. तुम्ही त्यांच्या मैत्रीण, शिवाय मराठीच्या, भाषा चांगली आहे तुमची, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून कान तापलेत माझे. या चांगल्या भाषेनं शोकसभेत काय केलं ते तुला ठाऊक नाही. त्या वेळी तू नव्हतीस म्हणून आता सांगते, पण आधी मागचं सांगू दे. एकदम तिथं जायची माझी छाती नाही.

आपण दोघी एकाच गावच्या. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, कारण तू सांगायचीस. मला कुणी गाव विचारलं तर मी ‘काटोलकडे’ म्हणून मोकळी व्हायचे, जणू ते गाव नव्हतं, नुसती दिशा होती. गावात तुमचं घर नाल्यापलीकडे. तुमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा आपण लहान होतो आणि नाला ओलांडून तुझ्याकडे खेळायला यायची मला घरून बंदी होती. पुढे नोकरीसाठी मी नागपुरात खोली घेतली, तेव्हा तू आणि तुझी आई तिथल्याच इंदोऱ्यात राहत होतात. गावची पोरगी एकटी राहते, हाताची भाकर खात असेल की नाही देव जाणे, म्हणून तुझ्या आईनं मला रविवारी जेवायला बोलावलं. मी उंबऱ्याशी घुटमळले. तिला लगेच कळलं. ती आतूनच म्हणाली, “ये वं माय, नाला तं तिकडंच रायला.”

त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत माझा एकही रविवार तुमच्या घराशिवाय गेला नाही. तुझी आई थाळीत सांबारवडी वाढायची आणि मी पुरे म्हटलं की आणखी दोन टाकायची. तिला मी माय म्हणत असे. माझी आई गावी होती, म्हणून असेल.

लग्न होऊन मी धरमपेठेत आले आणि माझी जीभ बदलली. सासूबाई कधी रागावल्या नाहीत. मी ‘मले’ म्हटलं की त्या फक्त हळूच ‘मला’ म्हणायच्या. जेवताना म्हणायच्या, पाहुण्यांसमोर म्हणायच्या. वर्षभरात माझा ‘ले’ गेला, ‘काहून’चं ‘का’ झालं, ‘मी आली’चं ‘मी आले’ झालं. त्यांनी मारलं असतं तर मी माझं बोलणं धरून ठेवलं असतं. कौतुकानं गेलं म्हणून परत आलं नाही. तूही तेव्हा शिक्षिकाच, वर्गात व्याकरणशुद्ध शिकवायचीस आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की गावात जायचीस. मला ते जमलं नाही. मी बोलायला लागले की सगळीकडे वर्गातच असते.

मग तो अभ्यासक्रम आला. शाळेला प्रशिक्षित ग्रंथपाल हवा, तेव्हा पदवीधर शिक्षिकांपैकी कुणी संध्याकाळचे वर्ग करून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेईल का, असं मोठ्या बाईंनी विचारलं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपल्याकडे समजूतच होती, की ज्याला वर्ग आवरत नाही त्यानं कपाटं आवरावीत. तू पटकन हात वर केलास. तुला मुळातच पुस्तकांचा सोस. गावच्या शाळेतली पुस्तकांची पेटी गुरुजी उघडायचेच नाहीत, तेव्हापासूनचा. मीही हात वर केला, तो का, तर माझ्या नावापुढे आणखी चार अक्षरं लागतील म्हणून. शिवाय परतताना सोबत होईल, असं तूच म्हणालीस.

शाळा सुटली की आपण बर्डीवर जायचो, ठेल्यावरून भाजलेल्या फल्लीदाण्याचा पुडा घ्यायचो आणि महाराजबागेच्या बाजूनं चालत वर्गाला पोचायचो. दिवसभर आपण ज्यांना ‘सरळ बसा’ म्हणायचो, त्यांच्यासारख्याच पेंगत बसायचो. वर्गात सगळे मास्तर आणि मास्तरणी. सर प्रश्न विचारायचे तेव्हा कुणीही हात वर करायचं नाही आणि ते म्हणायचे, शिक्षकांइतके ढ विद्यार्थी जगात नाहीत. पुस्तकांना विषयवार आकडे देतात, त्या वर्गांकांचं तुला वेडच लागलं. दिसेल त्या माणसाला तू विषयवार खण देऊ लागलीस. मोठ्या बाई राज्यशास्त्रात गेल्या. माझ्या सासूबाईंना तू व्याकरणात टाकलंस.

आणि एके दिवशी सरांनी ‘पाहा’चं कार्ड शिकवलं. वाचनालयातल्या पुस्तकांची कार्डं लाकडी खणांत अक्षरांप्रमाणे लावलेली असतात. एकाच गोष्टीला दोन शब्द असले, तर एकच शब्द मुख्य धरायचा, पुस्तकांची नावं त्याखाली लिहायची. दुसऱ्या शब्दाचं कार्ड नुसती वाट दाखवतं: हा शब्द – पाहा: तो शब्द. सर म्हणाले, वाचक कुठल्या दारानं येईल ते आपल्या हातात नाही, म्हणून प्रत्येक दाराशी पाटी हवी. तू वहीत ते वाक्य लिहून घेतलंस. माझ्या वहीत तेवढ्या जागी काही नव्हतं, मी तेव्हा घड्याळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी दारातून, “विमल, मी आले,” म्हणून हाक दिली. तू मान वर न करता म्हणालीस, “अद्रक. पाहा: आले.” मला कळायला वेळ लागला. कळल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर कित्येक वर्षं तू मला अद्रक म्हणायचीस आणि शाळेत नव्यानं आलेल्या बायांना वाटायचं, मी चहाची फार शौकीन आहे. त्यात टोमणा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेत परसबागेवरच्या एका पुस्तकाची कार्डं करायची होती. बाहेरगावचे परीक्षक होते. टेबलांमधून फिरत ते तुझ्यापाशी थांबले आणि तुझं कार्ड उचलून मोठ्यानं वाचलं, ‘सांबार – पाहा: कोथिंबीर.’ हा सांबार इडलीबरोबरचा की जंगलातला, असं त्यांनी विचारलं. आपलेच मास्तर लोक, ज्यांच्या घरी रोज सकाळी भाजीवर सांबार पडत होता, ते सगळे हसले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, असं तू उभी राहून सांगितलंस. परीक्षकांना खात्री करून घ्यायची होती. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं, या मराठीच्या आहेत म्हणून. त्यांनी मला विचारलं, “काय हो बाई, आहे का मराठीत असा शब्द?”

आदल्या रविवारीच तुझ्या घरी जाऊन मी सांबारवडी खाल्ली होती. मी म्हटलं, “खेड्यापाड्यात म्हणत असतील.”

तुझे मार्क कापले गेले. परतताना तू बर्डीच्या स्टॉपपर्यंत नुसती दाणे सोलत राहिलीस. बस येताना दिसली तेव्हा म्हणालीस, “खोटं नाई बोलली तू. पण ‘म्हणत असतील’ काहून म्हटलं वं? ‘म्हणतो’ म्हणाचं होतं.” मी म्हटलं, परीक्षा होती, तिथं प्रमाण भाषाच चालणार. तू म्हणालीस, कार्ड परीक्षकासाठी नसतं. तिथून जे भांडण सुरू झालं ते आपण मरेपर्यंत पुरवलं. म्हणजे तू मरेपर्यंत.

निकाल लागला तेव्हा माझा पहिला वर्ग आला आणि तुझा दुसरा. मोठ्या बाईंनी ग्रंथपालाची जागा आधी मला देऊ केली. मी सांगितलं की मला शिकवणं सोडवत नाही. हे कारण तू कधी खरं मानलं नाहीस आणि ते खरं नव्हतंच. शिपाई मला ‘लायब्ररीवाली’ म्हणतील, ही भीती होती. तुला ते म्हणाले. शिक्षकांच्या खोलीतली तुझी खुर्ची महिन्याभरात दुसऱ्या कुणाची तरी झाली. कुणी रजेवर गेलं की त्यांचा वर्ग तुझ्या गळ्यात मारायचे, लायब्ररीत काय काम असतं म्हणून. त्यावरून तू सगळ्यांशी भांडलीस, मला सोडून. मी त्या वेळी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले असते तरी पुष्कळ झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, हिनं जरा नमतं घ्यावं.

कपाटांना तोपर्यंत कुलपं असायची, कारण पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून कापतात. तू कुलपं काढलीस. आणि तुझी ती पाहा-कार्डं वाढत चालली. आलू बटाट्याकडे, भेदरं टोमॅटोकडे, कोहळं भोपळ्याकडे, फल्ली शेंगदाण्याकडे. पाचवीतली एक पोरगी, हिंगण्याच्या बसनं येणारी, पोपटाचं पुस्तक मागायला आली. तुझ्या जागी त्या दिवशी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी पक्ष्यांचं पुस्तक दिलं. पोरगी उभी राहिली, पानं उलटली आणि रडवेली होऊन म्हणाली की याच्यात शेंगा नाहीत. तिला शेतातला पोपट हवा होता, ज्याची आपण हिवाळ्यात भाजी करतो. शिक्षकांच्या खोलीत तो विनोद आठवडाभर चालला. शेंगांना चोच असते का, असं एकमेकींना विचारून झालं. तू दुसऱ्या दिवशी कार्ड केलंस, ‘पोपट (शेंग) – पाहा: वाल’, आणि ते दाखवायला माझ्याकडे घेऊन आलीस. मी तेव्हा त्यांच्यात बसून हसत होते.

तू तिथंच म्हणालीस, “तू तं मराठीची बाई हायेस. तूच हसून रायली.”

मी मान वर करून तुला शुद्धलेखनावर भाषण दिलं. चुकीच्या शब्दाला कार्ड दिलं की त्याला मान्यता मिळते, मुली तेच लिहितात, पेपर मला तपासावे लागतात, वगैरे. तू ऐकून घेतलंस. मग आठ दिवस पाठ करून डबा खाल्लास. नवव्या दिवशी माझ्या डब्यात न विचारता ठेचा वाढलास, म्हणजे भांडण मिटलं नव्हतं, फक्त जेवण सुरू झालं होतं.

या वर्षी तुला कावीळ झाली. मी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा तू उशाला टेकून बसली होतीस, डोळे हळदीसारखे झाले होते आणि तुला भांडायचं होतं. तू म्हणालीस की इतकी वर्षं तू कार्डं लिहिलीस, ती सगळी एकाच दिशेनं. सांबारनं कोथिंबिरीकडे पाहायचं, पोपटानं वालाकडे. “आपल्याच शब्दानं दर वेळी दुसरीकडं काहून पाहाचं वं? कोथिंबिरीनं एखाद वेळी पाहिलं सांबाराकडं, तं तिची मान मोडते काय?”

नियमाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तुला माझ्याइतकंच पाठ होतं. मी म्हटलं, आधी बरी हो, मग भांडू. तू म्हणालीस, उद्या ये मग. मी उद्या आले नाही. परवाही नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर होते. खरं तर तुझ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर घेऊन येऊ, असं मनात होतं, आणि ते सापडेना. तू जाशील असं डोक्यातच आलं नव्हतं. भांडायची बाकी असलेली माणसं जात नाहीत, असं मी धरून चालले होते.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी बोलले. फार छान बोलले म्हणतात. ज्ञानाची ज्योत, अक्षरांची उपासना, असं पुष्कळ काही म्हटलं. तू पहिल्या रांगेत असतीस तर तुला हसू आवरलं नसतं. तिथं तुझी आई बसली होती, पांढरं पातळ नेसून. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्या एका बाजूला मोठ्या बाई होत्या, दुसऱ्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “माय वं, विमल तुई वाट पाहून रायली होती. घडीघडी इचारे, ते आली काय, ते आली काय. काहून नाई आली वं तू?”

विमल, मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “मला यायला जमलं नाही. आपण स्वतःला सांभाळा.”

आपण. तिच्या हातची भाकर खाल्लेल्या तोंडानं मी तिला ‘आपण’ म्हटलं. अध्यक्षांनी मान डोलावली, सांत्वन चांगलं झालं म्हणून. तुझ्या आईनं माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, जणू चुकून दुसऱ्याच कुणाचा धरला होता. मग पदर सारखा करून म्हणाली, “बरं बाई. तुमी कामाचे मानसं.”

तिच्या तोंडून मला ‘तुम्ही’ कधी आलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही ती अरे-तुरे करते. ती पायऱ्या उतरून गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की नाला कुठं असतो. तो मी बरोबर घेऊन फिरत होते आणि त्या दिवशी भर हॉलमध्ये तिच्यासमोर पसरून ठेवला. तू असतीस तर तू आमच्या मधे उभी राहून काहीतरी वात्रट बोलली असतीस आणि ती हसली असती. तू नव्हतीस, आणि तुझ्याशिवाय मला तिच्याशी एक वाक्य धड बोलता आलं नाही.

त्यानंतर मोठ्या बाईंनी वाचनालय सांभाळाल का म्हणून मला पुन्हा विचारलं. पदवी आहेच तुमच्याकडे, म्हणाल्या. या वेळी मी हो म्हटलं. लाज वाटून म्हटलं, यात मोठेपणा काही नाही. तुझ्या खुर्चीत बसून कार्डांचे खण ओढले. कोथिंबिरीचं कार्ड कोरं करकरीत होतं. सांबारचं कार्ड वरच्या कडेला काळपट आणि मऊ पडलं होतं, किती पोरींची बोटं लागली असतील त्याला. मी एवढी वर्षं पेपरांत ज्या शब्दाखाली लाल रेघ मारत होते, त्याच शब्दाचा हात धरून त्या पुस्तकापर्यंत येत होत्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तुझ्या आईकडे ते घेऊनच जायला हवं, असं कुणी सांगितलं होतं मला?

काल संध्याकाळी इंदोऱ्यात गेले. रस्ताभर एकच वाक्य तोंडात घोळवत होते, तोंडी परीक्षेला जाताना घोळवतात तसं. दार उघडंच होतं. बुद्धाच्या तसबिरीखाली तुझा फोटो मांडला होता, सहलीतला, कुणावर तरी ओरडत असलेला. तुझी आई खाली बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि उठायला लागली, पाहुणी आल्यावर उठतात तशी. पाटाकडे हात करून म्हणाली, “बसा बाई.”

मी उंबऱ्यावरच उभी होते. घोळवलेलं सगळं वाक्य विसरले. इतक्या वर्षांत त्या जिभेवर गंज चढला होता.

“माय,” मी म्हटलं, “मी आली.”

तिचा हात सुपातच राहिला. राग गेला नव्हता तिचा, जायलाही नको इतक्यात. तांदळातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

“उशीर केला वं तू,” ती म्हणाली. “आता तितं उभी काहून? ये.”